कमी कार्बनचे सिमेंट म्हणजे काय? राख, स्लॅग आणि भाजलेली माती यांचा हिशेब

साध्या सिमेंटची ५० किलोची एक गोणी तयार होताना सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गोणीच्या वजनाशी तुलना केली तर हा आकडा किती मोठा आहे ते लक्षात येते. जगात दरवर्षी सुमारे ४०० कोटी टन सिमेंट तयार होते आणि माणसाने हवेत सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. सिमेंट उत्पादनात चीननंतर भारताचा क्रमांक लागतो. भारतात वर्षाला ४० कोटी टनांहून अधिक सिमेंट तयार होते. घरे, रस्ते, पूल, मेट्रो यांची गरज पाहता हा आकडा वाढतच जाणार आहे.

सिमेंट न वापरता आजच्या पद्धतीचे घर बांधणे कठीण आहे. पण सगळे सिमेंट सारखे नसते. त्याच दुकानात, त्याच भावाच्या आसपास, कार्बनच्या हिशेबाने जवळपास एक तृतीयांश हलके सिमेंट मिळते आणि अनेकजण नकळत तेच वापरतात. ते कसे तयार होते, त्यावर विश्वास ठेवावा का आणि वापरताना काय सांभाळावे, याची ही माहिती.

थोडक्यात

- सिमेंटमधील कार्बनचे मूळ आहे क्लिंकर. क्लिंकर जितके कमी, तितका कार्बन कमी.
- क्लिंकरच्या जागी वीजकेंद्राची राख, पोलाद कारखान्याचे स्लॅग किंवा भाजलेली चिकणमाती घालता येते.
- अशा सिमेंटची ताकद थोडी उशिरा येते. त्यामुळे पाणी जास्त दिवस मारावे लागते आणि सेंट्रिंग काढायची घाई चालत नाही.
- राख आणि स्लॅग कायम पुरणार नाहीत. म्हणून आता लक्ष मातीकडे वळले आहे.

अंतर्भूत कार्बन म्हणजे काय?

इमारतीमुळे होणारे प्रदूषण दोन प्रकारचे असते. पहिले रोजच्या वापरातले: दिवे, पंखे, एसी, लिफ्ट, पाण्याचा पंप. एलईडी दिवे लावले, छतावर सोलर बसवले की ते पुढेही कमी करता येते.

दुसरे प्रदूषण घरात राहायला जाण्याआधीच होऊन गेलेले असते. सिमेंट, सळई, विटा, काच, टाइल्स बनवताना आणि त्या जागेवर आणताना जो कार्बन हवेत जातो, त्याला अंतर्भूत कार्बन म्हणतात. तो नंतर परत घेता येत नाही. स्लॅब भरला की त्याचा हिशेब संपला. म्हणून तो कमी करायची वेळ एकच असते, साहित्य निवडतानाची. काँक्रीटच्या इमारतीत या अंतर्भूत कार्बनचा मोठा भाग सिमेंट आणि सळई या दोन गोष्टींत असतो.

सिमेंटमधून इतका कार्बन का निघतो?

पुष्कळांचा समज असतो की कारखान्यात कोळसा जळतो म्हणून सिमेंट प्रदूषण करते. ते अर्धेच खरे आहे.

सिमेंटचा मुख्य कच्चा माल चुनखडी. चुनखडी आणि थोडी माती दळून भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. या उष्णतेत चुनखडीचे दोन तुकडे होतात: चुना आणि कार्बन डायऑक्साइड. १०० किलो शुद्ध चुनखडी तापवली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. हा वायू दगडातच कोंडलेला असतो. त्यामुळे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो बाहेर पडणारच.

भट्टीतून गोट्यांसारखे काळपट खडे बाहेर पडतात. ते क्लिंकर. त्यात थोडा जिप्सम घालून दळले की झाले साधे पोर्टलँड सिमेंट. इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ मध्ये ज्या सिमेंटचे पेटंट घेतले, त्याचेच हे पुढचे रूप.

एक टन क्लिंकर बनताना सुमारे ५०० किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड दगडातून निघतो आणि साधारण ३०० किलो इंधनातून. दोन्ही मिळून ८०० ते ८५० किलो. म्हणजे कारखान्याने कोळशाऐवजी शहरातला वाळलेला कचरा किंवा शेतातील काडीकचरा जाळला, वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज तयार केली, तरी फक्त इंधनाचा आणि विजेचा भाग कमी होतो. दगडातला भाग तसाच राहतो. तो कमी करण्याचा सरळ उपाय एकच: गोणीत क्लिंकर कमी घालायचे.

क्लिंकर काढून टाकल्यावर सिमेंट चिकटते कसे?

सिमेंटमध्ये पाणी घातले की क्लिंकरमधल्या घटकांची पाण्याशी प्रक्रिया होते. त्यातून एक अतिसूक्ष्म, डिंकासारखा पदार्थ तयार होतो आणि तो वाळू-खडीला धरून ठेवतो. काँक्रीटची ताकद म्हणजे मुख्यतः हा डिंक. पण या प्रक्रियेत आणखी एक गोष्ट तयार होते, मोकळा चुना. ताकदीच्या दृष्टीने तो जवळपास बिनकामाचा असतो. पाण्यात विरघळून तो बाहेर येतो. छतावर किंवा भिंतीवर दिसणारे पांढरे ओघळ बऱ्याचदा त्याचेच असतात.

राख किंवा भाजलेली माती यांत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना हे घटक असतात. ते या मोकळ्या चुन्याशी हळूहळू संयोग पावतात आणि आणखी डिंक तयार करतात. म्हणजे जे वाया जात होते तेच कामाला लागते. काँक्रीटमधली सूक्ष्म छिद्रे भरत जातात आणि ते अधिक घट्ट होते. अशा पदार्थांना पोझोलाना म्हणतात. इटलीत नेपल्सजवळ पोझुओली नावाचे गाव आहे. तिथली ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात मिसळत, त्यावरून हे नाव पडले.

यात एकच अडचण आहे. ही दुसरी प्रक्रिया सावकाश चालते आणि तिला ओलावा लागतो. मिश्र सिमेंटचे सगळे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात.

पर्याय पहिला : वीजकेंद्राची राख

दगडी कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुराड्यात जी बारीक राख पकडली जाते, तिला फ्लाय अ‍ॅश म्हणतात. क्लिंकर, जिप्सम आणि ही राख एकत्र दळून जे सिमेंट होते ते पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. भारतीय मानक आयएस १४८९ प्रमाणे यात १५ ते ३५ टक्के राख असू शकते. देशात तयार होणाऱ्या सिमेंटपैकी सुमारे दोन तृतीयांश सिमेंट याच प्रकारचे असते.

महाराष्ट्राचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडीही आहे आणि कोळसाही. त्यामुळे घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि त्याच जिल्ह्यात २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीजकेंद्रही आले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण जास्त असते, अनेकदा ३० ते ४० टक्के. ही राख साठवायची कुठे हा प्रश्न जुना आहे. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या परिसरात पसरले. गोणीत गेलेली राख अशा तलावात साठत नाही, हा पीपीसीचा दुसरा फायदा.

राखेचा वापर वाढावा म्हणून केंद्र सरकारने १९९९ पासून वेळोवेळी अधिसूचना काढल्या. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने कोळशावरच्या वीजकेंद्रांना आपली सगळी राख ठरावीक मुदतीत वापरात आणण्याचे बंधन घातले.

राखेचे काँक्रीट किती भरवशाचे, याचे उदाहरण सह्याद्रीत आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघर जलविद्युत प्रकल्पाची धरणे रोलरने दाबून भरलेल्या काँक्रीटची आहेत. या पद्धतीने बांधलेली ती भारतातली पहिली धरणे. त्यांच्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राखेचे प्रमाण जास्त आहे. धरणाच्या जाड काँक्रीटमध्ये सिमेंटच्या प्रक्रियेची उष्णता आत कोंडली तर तडे जातात. राखेमुळे ती उष्णता कमी होते, म्हणून धरणात राख घालणे ही तडजोड नसते. ती गरज असते.

पर्याय दुसरा : झोतभट्टीचे स्लॅग

लोखंडाच्या खनिजापासून झोतभट्टीत लोखंड तयार होताना वर मळीसारखा थर येतो. हे स्लॅग वितळलेले असतानाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झटकन थंड केले, की त्याचे वाळूसारखे काचमय कण होतात. ते दळून सिमेंटमध्ये घालतात. हे पीएससी, म्हणजे पोर्टलँड स्लॅग सिमेंट. आयएस ४५५ प्रमाणे यात २५ ते ७० टक्के स्लॅग चालते, म्हणजे क्लिंकर निम्म्याहूनही कमी करता येते.

किनारपट्टीला स्लॅग सिमेंट विशेष उपयोगी आहे. समुद्राच्या हवेतला खारटपणा काँक्रीटमधून आत झिरपतो आणि सळईला गंज चढवतो. सळई फुगते, काँक्रीट फुटते आणि छज्जे, गॅलऱ्या गळायला लागतात. मुंबई, कोकण, गोव्यातल्या जुन्या इमारतींत हे चित्र नेहमीचे आहे. स्लॅगचे किंवा राखेचे काँक्रीट जास्त घट्ट असल्याने क्षार आत जायला वेळ लागतो. रायगड जिल्ह्यात डोलवी इथे पोलादाचा कारखाना आणि स्लॅग सिमेंटची दळण्याची गिरणी जवळजवळ आहेत, त्यामुळे कोकणात हे सिमेंट सहज मिळते.

राख आणि स्लॅग दोन्ही असलेले कंपोझिट सिमेंटही बाजारात आहे. त्याचे मानक आयएस १६४१५, वर्ष २०१५.

मग अडचण काय? राख आणि स्लॅग संपणार आहेत का?

आज भारतात राखेचा तुटवडा नाही. पण राख हे कोळशाचे आणि स्लॅग हे झोतभट्टीचे उप-उत्पादन आहे. हवामानबदल थांबवायचा तर हेच दोन उद्योग आधी बदलावे लागतील. ब्रिटनमध्ये ३० सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्र बंद झाले आणि पोर्ट टॅलबोट इथली शेवटची झोतभट्टीही विझली. ब्रिटनमध्ये आता कोळशाच्या वीजकेंद्राची ताजी राखही नाही आणि पोर्ट टॅलबोटचे स्लॅगही नाही.

स्लॅगची अडचण तर आजही आहे. जगात सिमेंट जितके लागते, त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेच स्लॅग निघते आणि चांगल्या प्रतीचे जवळपास सगळे आधीच वापरले जाते. एका इमारतीने स्लॅग जास्त वापरले तर दुसरीला कमी मिळते. कागदावर एक इमारत हिरवी दिसते, पण एकूण कार्बन कमी होत नाही.

म्हणून शोध सुरू झाला तो जगात सगळीकडे मिळेल, भरपूर मिळेल आणि स्वस्त असेल अशा पदार्थाचा. तो पायाखालीच सापडला.

पर्याय तिसरा : भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी

या सिमेंटचे नाव एलसी३. चुनखडी, भाजलेली माती आणि सिमेंट या तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते पडले. त्याचे प्रमाण साधारण असे असते: ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के कच्ची चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम.

स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रविद्यापीठातील कॅरेन स्क्रिव्हेनर, क्यूबातील फर्नांडो मार्टिरेना आणि आयआयटी दिल्लीतील शशांक बिष्णोई यांच्या गटांनी हे सिमेंट विकसित केले. आयआयटी मद्रास आणि दिल्लीची तारा ही संस्थाही या कामात होती. झाशी इथे या सिमेंटचे प्रात्यक्षिक घर बांधून पाहिले गेले. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याचे मानक आयएस १८१८९ प्रसिद्ध केले. कोलंबिया आणि घाना इथे माती भाजण्याचे मोठे कारखाने सुरू झाले आहेत.

यात कार्बन तीन ठिकाणी वाचतो.

१. माती सुमारे ७०० ते ८५० अंशांवर भाजते. क्लिंकरला १,४५० अंश लागतात. साहजिकच इंधन कमी.

२. माती भाजताना तिच्यातून पाण्याची वाफ निघते. चुनखडीसारखा कार्बन डायऑक्साइड निघत नाही.

३. यातली १५ टक्के चुनखडी भाजायची नसते, नुसती दळायची असते. तिच्यातला कार्बन दगडातच राहतो. मातीतला अ‍ॅल्युमिना या चुनखडीशी संयोग पावून छिद्रे बुजवणारे नवे स्फटिक तयार करतो, म्हणून ती नुसती भर न ठरता कामाला येते.

सगळे मिळून साध्या सिमेंटच्या तुलनेत ३० ते ४० टक्के कार्बन कमी होतो. मातीही उंची चिनी माती असावी लागत नाही. केओलिन हे खनिज ४० टक्क्यांच्या आसपास असलेली हलकी मातीसुद्धा चालते. चिनी मातीच्या खाणींतून निरुपयोगी म्हणून बाजूला टाकलेल्या मातीचे ढीग असतात, त्यांनाही यामुळे किंमत येते.

यात अडचणी नाहीत असे नाही. मातीत लोह असेल तर सिमेंटला तांबूस छटा येते आणि करडे सिमेंट पाहायची सवय असलेले गिऱ्हाईक बिचकते. मातीचे कण पाणी शोषतात, त्यामुळे मिश्रण घट्ट होते आणि ते सैल ठेवायला रसायन घालावे लागते. कारखान्यात माती भाजण्याची वेगळी सोय लागते. आणि सध्या हे सिमेंट गावोगावच्या दुकानात सहज मिळत नाही.

हे खरोखर नवे आहे का?

पूर्णपणे नाही. भाजलेली माती बांधकामात घालण्याची पद्धत मराठी माणसाला जुनीच आहे. तिचे नाव सुरखी. नीट भाजलेल्या विटा किंवा कौले कुटून केलेली भुकटी चुन्यात मिसळत. पोर्टलँड सिमेंट येण्याआधी वाडे, मंदिरे, हौद, विहिरी यांच्या बांधकामात चुना हाच जोडणारा पदार्थ होता. अनेक गडांवर तो मळण्याचे दगडी घाणे आजही दिसतात. म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर धरण विसाव्या शतकात सुरखीच्या चुन्यात बांधले गेले आणि ते आजही पाणी अडवून उभे आहे.

सुरखी आणि एलसी३ यांची किमया एकच: भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी जुळते. फरक नेमकेपणाचा आहे. विटेची भट्टी कुठे जास्त तापते, कुठे कमी, त्यामुळे सुरखीची प्रत बदलत असे. आजच्या भट्टीत तापमान ठरवता येते, मातीची परीक्षा करता येते आणि क्लिंकरमुळे ताकद लवकर मिळते.

एका गोणीचा आणि एका घराचा हिशेब

एक किलो क्लिंकरमागे साधारण ८३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर ५० किलोच्या गोणीमागे अंदाज असा येतो (वाहतूक आणि दळण्याची वीज सोडून):

- साधे सिमेंट, ओपीसी (९५ टक्के क्लिंकर): सुमारे ४० किलो
- राखेचे सिमेंट, पीपीसी (६४ टक्के क्लिंकर): सुमारे २७ किलो
- एलसी३ (५० टक्के क्लिंकर, शिवाय माती भाजण्याचे इंधन): सुमारे २५ किलो
- स्लॅग सिमेंट, पीएससी (४१ टक्के क्लिंकर): सुमारे १७ किलो

बांधकामात ढोबळ हिशेब करताना एका चौरस फुटाला ०.४ गोणी सिमेंट धरतात. म्हणजे १,००० चौरस फुटांच्या घराला सुमारे ४०० गोण्या. सगळे ओपीसी वापरले तर १६ टन कार्बन डायऑक्साइड, सगळे पीपीसी वापरले तर ११ टनांच्या आत. फरक ५ टनांचा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या हिशेबाने ही बचत दोन हजारांहून अधिक लिटर पेट्रोल न जाळण्याइतकी आहे. त्यासाठी वेगळा खर्च नाही, कारण पीपीसीची गोणी सहसा ओपीसीपेक्षा थोडी स्वस्तच असते.

"राखेचं सिमेंट कच्चं असतं", हे खरे आहे का?

हा समज खेड्यापाड्यांत आणि शहरांतही पक्का आहे. त्यामागे दोन कारणे आहेत.

पहिले कारण आकडा. ओपीसीच्या गोणीवर ४३ किंवा ५३ ग्रेड छापलेले असते. हा आकडा म्हणजे ठरलेल्या पद्धतीने केलेल्या नमुन्याची २८ दिवसांनंतरची किमान ताकद, मेगापास्कल या एककात. पीपीसीसाठी मानकात ही किमान मर्यादा ३३ आहे. त्यामुळे ५३ मोठा आणि ३३ लहान, असा सरळ निष्कर्ष काढला जातो. पण ३३ ही खालची मर्यादा आहे. गोणीतल्या सिमेंटची प्रत्यक्ष ताकद तेवढीच असते असा त्याचा अर्थ नाही. शिवाय मिश्र सिमेंटची ताकद २८ दिवसांनंतरही वाढत राहते. मोकळा चुना शिल्लक आहे आणि ओलावा आहे तोपर्यंत प्रक्रिया चालू असते.

दुसरे कारण अनुभव, आणि तो खोटा नाही. पीपीसीचा स्लॅब ओपीसीच्या सवयीने हाताळला, दोन-तीन दिवस पाणी मारून सोडून दिला आणि फळ्या लवकर काढल्या, तर तो खरोखर कच्चा राहतो. वर तडे जातात, पृष्ठभागाची भुकटी निघते. दोष सिमेंटला लागतो, चूक घाईची असते.

आयएस ४५६ हे काँक्रीटचे भारतीय मानक याबाबत स्पष्ट आहे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस सतत ओलावा हवा. मिश्र सिमेंटला ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी अशी शिफारसही त्यात आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर १४ दिवसांना पर्याय नाही. दिवसातून दोनदा पाइप फिरवणे म्हणजे सतत ओलावा नव्हे. स्लॅबवर आळी करून पाणी साठवणे आणि खांबांना ओले गोणपाट गुंडाळणे हे खरे उपाय. पाण्याची टंचाई असेल तिथे गोणपाटावर प्लास्टिकचा कागद झाकला तर कमी पाण्यात ओल टिकते.

दुसरी बाजू

मिश्र सिमेंट सगळीकडे सरसकट चांगले, असेही नाही.

- थंडीत ताकद आणखी उशिरा येते. पुलाचे तयार तुकडे ओतण्यासारख्या, दुसऱ्या दिवशीच साचा काढायच्या कामात अभियंते अनेकदा ओपीसी निवडतात.
- हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो आणि सळईचे संरक्षण कमी करतो. मोकळा चुना कमी असल्याने मिश्र सिमेंटमध्ये, क्युरिंग कमी पडले तर, हे लवकर होऊ शकते. म्हणून सळईवरचे काँक्रीटचे आवरण नकाशात दिले तेवढे ठेवणे महत्त्वाचे.
- आधीच राख असलेल्या पीपीसीमध्ये जागेवर आणखी राख मिसळणे धोक्याचे आहे. राखेची प्रत आणि प्रमाण तपासल्याशिवाय अशी भेसळ करू नये. राख तलावातून काढलेली ओली राख तर याला मुळीच योग्य नाही.

घर बांधणाऱ्याने काय पाहावे?

- गोणीवर सिमेंटचा प्रकार आणि मानकाचा क्रमांक वाचावा. सोबत आयएसआय चिन्ह आणि उत्पादनाचा आठवडा व वर्ष असते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये.
- वीटकाम, प्लास्टर, फरशीखालचा कोबा यांना ५३ ग्रेडची गरज नसते. इथे पीपीसी वापरणे हा सगळ्यात सोपा बदल आहे.
- स्लॅब, तुळया आणि खांबांसाठी कोणते सिमेंट आणि किती, हे संरचना अभियंत्याला विचारून ठरवावे. किनाऱ्याजवळ पीएससीबद्दल आवर्जून विचारावे.
- सेंट्रिंग कधी काढायचे आणि पाणी किती दिवस मारायचे, हे कंत्राटदाराशी आधीच लेखी ठरवावे. मानकातल्या सेंट्रिंगच्या मुदती साध्या सिमेंटसाठी आहेत. मिश्र सिमेंटला त्या अभियंत्याच्या सल्ल्याने वाढवाव्या लागतात.
- "ताकद यावी म्हणून" अंदाजाने जास्तीचे सिमेंट घालू नये. मिश्रणाचे प्रमाण नीट ठरवले आणि पाणी मोजून घातले तर कमी सिमेंटमध्ये तीच ताकद मिळते. न वापरलेल्या गोणीचा कार्बन शून्य असतो.

पुढे काय?

क्लिंकर निम्म्यावर आणले तरी उरलेल्या निम्म्याचा प्रश्न राहतोच. नॉर्वेत ब्रेविक इथल्या सिमेंट कारखान्यात २०२५ पासून धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून समुद्राखाली साठवण्यासाठी पाठवला जातो. वर्षाला ४ लाख टन पकडण्याची त्याची क्षमता आहे. हा मार्ग खर्चिक आहे आणि वायू साठवायला योग्य जागाही हवी. क्लिंकर नसलेल्या जिओपॉलिमर काँक्रीटवरही काम चालू आहे, पण त्याला लागणारी तीव्र रसायने आणि काटेकोर देखरेख यामुळे ते अजून घरबांधणीत रुळलेले नाही.

धोरणाच्या पातळीवर भारताने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. सिमेंट उद्योग तिच्यात आहे. प्रत्येक टनामागे कार्बन कमी करणाऱ्या कारखान्याला त्याचा आर्थिक फायदा मिळावा, अशी तिची रचना आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत राखेचे, स्लॅगचे आणि मातीचे सिमेंट दुकानांत वाढत जाईल.

मात्र कारखान्याने वाचवलेला कार्बन टिकतो की नाही, हे शेवटी बांधकामाच्या जागेवर ठरते. कमी कार्बनच्या सिमेंटचे घर पन्नास वर्षांऐवजी वीस वर्षांत गळायला लागले आणि पाडून पुन्हा बांधावे लागले, तर सगळा हिशेब उलटतो. पुन्हा तितक्याच गोण्या, पुन्हा तितकाच धूर. स्लॅबवर आणखी आठवडाभर साठवलेले पाणी म्हणूनच या संपूर्ण साखळीतला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.